कार्बोरेटर ते इंजेक्टर : एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने

दिल्लीस बदलून आलेली कित्येक मराठी कुटुंबे पुढे येथेच स्थिरावली. अशा एका घराच्या अंगणात १९६५ सालची एक ॲम्बॅसडर मोटार ताडपत्रीखाली उभी आहे. घराचे मालक केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेले वयोवृद्ध गृहस्थ असून आम्ही त्यांना काका म्हणतो. मोटार त्यांच्या वडिलांनी घेतलेली. नाव नोंदवून ती मिळेपर्यंत किती वर्षे वाट पाहावी लागली याची कथा त्या घरी अद्याप रंगवून सांगितली जाते. गणपतीची मूर्ती आणावयाची ती याच मोटारीतून, असा त्या घरचा परिपाठ होता. अलीकडे मात्र मोटार सुरू झाली की काकू खिडक्या लावून घेतात. त्यांना दम्याचा विकार आहे, आणि दिल्लीच्या हिवाळ्यातील हवेत जुन्या एंजिनाच्या धुराची भर त्यांना सोसत नाही.

पुण्यास असलेल्या त्यांच्या चिरंजीवांनी यावर तोड सुचविली. जुना कार्बोरेटर काढून त्या जागी आधुनिक इंधन-इंजेक्शनचा परदेशी संच बसवावा व ठिणगीची व्यवस्थाही इलेक्ट्रॉनिक करावी. म्हणजे धूर कमी होईल, मोटार थंडीत चटकन सुरू होईल आणि आजोबांची आठवणही राहील. काकांनी आम्हांस बोलावून एवढेच विचारले, "तुम्ही रोज नियम वाचता. हे कायद्यात बसते का, ते पाहून सांगा." प्रश्न एका वाक्याचा होता, परंतु उत्तर शोधता शोधता आम्ही सव्वाशे वर्षांमागे जाऊन पोहोचलो. तो प्रवासच वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

पेट्रोलच्या एंजिनास दोनच गोष्टी योग्य वेळी हव्या असतात : हवा आणि पेट्रोल यांचे नेमके मिश्रण, आणि ते पेटविणारी ठिणगी. वजनाच्या हिशोबाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा मिळाली तर ज्वलन पूर्ण होते. पेट्रोल अधिक झाले की काळा धूर निघतो. कमी झाले की एंजिन अडखळते व तापते. जुन्या काळी हे प्रमाण सांभाळण्याचे काम कार्बोरेटरकडे असे. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाऊ लागली की तेथील दाब घटतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप ओढले जाऊन त्याचे तुषार होतात. शेजारच्या लहानशा कोठीत एक तरंगता गोळा पेट्रोलची पातळी राखतो. ना वीज, ना गणित. सारी किमया हवेच्या ओढीची. १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी असा तुषार-कार्बोरेटर सिद्ध केला, आणि त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनीही स्वतंत्रपणे तशाच युक्तीचा हक्क नोंदविला.

ठिणगीची कथा याहून चुरशीची आहे. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. पुढे १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅक मोटारीसाठी बॅटरीवर चालणारी ठिणगीची रचना आणली. बॅटरीतील वीज कॉइलमधून वाहते. दोन लहान धातूचे 'पॉइंट' एकमेकांपासून दूर झाले की प्रवाह अकस्मात तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असेल तर या पॉइंटांना सेकंदास शंभर वेळा उघडावे-मिटावे लागते, आणि त्यांच्यामधील अंतर असते इंचाचे जेमतेम पंधरा सहस्रांश. ते झिजले, जळले, त्यांवर ओल धरली, की मोटार रस्त्यात उभी. जुन्या ड्रायव्हरांच्या खिशात पॉइंट घासण्यासाठी पॉलिशपेपरचा तुकडा असे, तो काही हौसेखातर नव्हे. तरीही केटरिंग यांची ही रचना पुढे साठ वर्षे जगभर टिकली.

आता इंजेक्शनविषयी. पेट्रोल हवेच्या ओढीवर सोडून देण्याऐवजी पंपाने दाबून, मोजून आत फवारावे, ही कल्पना विमानांच्या उपयोगाची ठरली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या मेसरश्मिट विमानांतील डाइम्लर-बेंझ एंजिनांत इंजेक्शन होते, तर ब्रिटनच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांतील मर्लिन एंजिनांत कार्बोरेटर. जर्मन वैमानिक एकदम नाक खाली करून सूर मारी. ब्रिटिश वैमानिकाने तसे केले की कार्बोरेटरच्या कोठीतील पेट्रोल वर उसळे आणि ऐन झुंजीत एंजिन गुदमरे. नवे एंजिन घडवावयास वेळ कोठून आणावयाचा? फार्नबरो येथील सरकारी संशोधन संस्थेत बिएट्रिस शिलिंग नावाच्या अभियंत्या काम करीत होत्या. त्यांनी पेट्रोलच्या नळीत बसविण्याजोगी, मोजके भोक असलेली धातूची एक लहानशी चकती योजिली. पेट्रोल हवे तेवढेच पुढे जावे, पूर येऊ नये, एवढेच तिचे काम. १९४१ च्या आरंभी शिलिंगबाई मोजकी माणसे बरोबर घेऊन विमानतळा-विमानतळांवर हिंडल्या आणि विमाने कामातून न काढता त्यांनी त्या चकत्या बसवून दिल्या. रोगाचे मूळ त्याने गेले नाही. परंतु वैमानिकांचे प्राण वाचले. जुन्या एंजिनास नवी जोड देण्याच्या इतिहासात या चकतीचे स्थान आम्हांस फार वरचे वाटते. ती एका सरकारी नोकराची कामगिरी होती, हेही आमच्या वाचकांनी विसरू नये.

युद्धानंतर जर्मनीच्या लहान मोटारींत इंजेक्शनचे प्रयोग झाले आणि १९५४ साली मर्सिडीझच्या ३०० एसएल मोटारीने ते जगापुढे मिरविले. हा सारा कारभार यांत्रिक पंपाचा व महागडा होता. विजेने इंजेक्टर उघडावयाचा आणि किती वेळ उघडा ठेवावयाचा हे विद्युत्-मंडलाने ठरवावयाचे, ही पुढची पायरी अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने गाठली. १९५८ च्या क्रायस्लर समूहाच्या काही मोटारींत तिची 'इलेक्ट्रोजेक्टर' यंत्रणा बसविली गेली. पण घडले ते विपरीत. त्या काळचे विजेचे सुटे भाग एंजिनाच्या उष्णतेत टिकेनात. अशा मोटारी जेमतेम पस्तीसच्या घरात विकल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेकींना कारखान्याने परत बोलावून कार्बोरेटर बसवून दिले. आज लोक जुन्या मोटारीचा कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवितात. इतिहासाचा आरंभ मात्र इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसविण्याने झाला! कालापूर्वी जन्मलेल्या कल्पनेची गत बहुधा अशीच होते.

बेंडिक्सच्या कल्पनेचे हक्क बॉशकडे गेले. ट्रान्झिस्टर तोवर भरवशाचे झाले होते. १९६७ साली अमेरिकेत विकावयाच्या फोक्सवागन १६०० मोटारीत बॉशची 'डी-जेट्रॉनिक' यंत्रणा आली. हा बदल वेगाच्या हौसेने झाला नाही. कॅलिफोर्नियातील धुराने तो घडवून आणला. १९७० च्या अमेरिकन कायद्याने बंधने आणखी आवळली. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक पात्र धुराड्याच्या नळीत आले. परंतु त्याचे काम नीट व्हावे तर मिश्रण सदैव नेमके हवे. १९७६ साली व्होल्वोने निघणाऱ्या धुरातील प्राणवायू मोजणारा 'लॅम्डा' संवेदक बसविला. एंजिन काय श्वास सोडते ते पाहून पुढचा घास किती द्यावयाचा हे ठरू लागले. १९७९ साली बॉशच्या 'मोट्रॉनिक'ने इंजेक्शन आणि ठिणगी या दोहोंचा कारभार एकाच लहान संगणकाकडे सोपविला. कार्बोरेटरचे युग संपण्याची ती खूण होती.

येथे एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. ज्या केटरिंग यांनी ठिणगी दिली, त्यांच्याच हाताखाली १९२१ साली टॉमस मिजली यांनी पेट्रोलात शिसे मिसळण्याची युक्ती शोधली. त्यामुळे एंजिनाची धडधड थांबली व वाल्वच्या बैठका टिकल्या. पण जगभरच्या हवेत शिसे पसरले. उत्प्रेरक पात्रास शिसे हे विषच. म्हणून पात्र आले तेव्हा शिशास जाणे भाग पडले. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल-मोटारींना ही पात्रे सक्तीची झाली आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिशाच्या आधारावर जगलेल्या जुन्या एंजिनांच्या वाल्वच्या बैठका मात्र त्यामुळे झिजू लागल्या, आणि तेथे कठीण धातूची कडी बसविणे ही अनेकांना करावी लागलेली पहिली दुरुस्ती ठरली.

आता आपल्या ॲम्बॅसडरकडे वळू. हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ ची. कारखाना प्रथम सौराष्ट्रातील ओखा बंदरी होता, तो १९४८ मध्ये बंगालमधील उत्तरपाड्यास गेला. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून घडविलेली ॲम्बॅसडर १९५७ साली निघाली. थोड्याच काळात तिला १४८९ घनसेंटिमीटरचे, वाल्व वरच्या अंगास असलेले एंजिन मिळाले, आणि तेच, किरकोळ फेरफारांनिशी, तीस वर्षांहून अधिक काळ चालले. परदेशात कार्बोरेटर मावळतीस लागला असता येथे त्यास कोणी हात लावला नाही. परकीय चलनाची टंचाई, उत्पादनावरील परवाने, आयातीवरील बंदी आणि दाराशी ताटकळणारे गिऱ्हाईक ही त्याची कारणे. गिऱ्हाईक वाट पाहावयास तयार असता कारखानदार कशास घाई करील? मारुती मोटार १९८३ साली आली तेव्हा ही निद्रा मोडली. १९९२ साली ॲम्बॅसडरला इसुझु बनावटीचे १८१७ घनसेंटिमीटरचे एंजिन व पाच गतींची गिअरपेटी मिळाली.

पुढचा धक्का सर्वोच्च न्यायालयाने दिला. दिल्लीच्या हवेविषयीच्या खटल्यात २९ एप्रिल १९९९ रोजी आदेश निघाला की राजधानी परिसरात नोंदल्या जाणाऱ्या नव्या खाजगी मोटारी १ जून १९९९ पासून 'युरो-१' आणि १ एप्रिल २००० पासून 'युरो-२' मानकाच्या हव्यात. ज्या पायऱ्या चढावयास इतरांनी वर्षे घेतली त्या येथे महिन्यांत चढाव्या लागल्या. मोटारींच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही अक्षरे झळकू लागली ती याच सुमारास. ॲम्बॅसडरच्या इसुझु एंजिनासही इंजेक्शन आले.

आमच्या कचेरीतील शेवटची ॲम्बॅसडर अशीच होती. तिच्या निर्लेखनाची फाईल आमच्याच टेबलावरून गेली. बाहेरून पाहता १९५७ चा घाट : तेच गोल दिवे, तीच फुगीर छाती, पांढरा रंग, मागच्या काचेला पडदा. बॉनेट उघडल्यावर मात्र जपानी वंशाचे एंजिन आणि संगणकाची चिमुकली पेटी. लिलावासाठी तपशील लिहिताना 'बनावटीचा प्रकार' या रकान्यात नेमके काय भरावे, असा प्रश्न आम्हांस पडला होता. गढवालकडच्या आमच्या वृद्ध ड्रायव्हरास विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाबूजी, गाडी वही है, बस खाना खुद नापकर खाती है।" मोटारशास्त्राचे इतके नेटके विवरण आम्ही कोठे वाचले नाही. २४ मे २०१४ रोजी उत्तरपाड्याच्या कारखान्याचे काम थांबले आणि त्या वंशाचा ओघ आटला.

जुन्या मोटारींना नवे इंधन देण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र मुंबईत झाला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० मोटारी काढल्या. १९७४ पासून तिलाच 'पद्मिनी' हे नाव मिळाले. काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच झाले होते. नव्या शतकाच्या आरंभी उच्च न्यायालयाच्या दट्ट्यामुळे या टॅक्सी नैसर्गिक वायूवर चालू लागल्या. कार्बोरेटर होता तेथेच राहिला, त्याच्या तोंडाशी वायूचे मिश्रक बसले, आणि डिकीत टाकी आल्याने उतारूंचे सामान छतावर गेले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कचेरीत नोंदली गेली व वीस वर्षांची मुदत भरताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. हवा स्वच्छ करावयाची तर जुनी वस्तू मोडीतच काढली पाहिजे असे नाही, हे त्या टॅक्सीवाल्यांनी वीस वर्षे सिद्ध करून दाखविले.

काकांच्या चिरंजीवांनी सुचविलेला संच याहून सूक्ष्म असतो. अशा संचांतील काही तर बाहेरून हुबेहूब जुन्या कार्बोरेटरसारखे घडविलेले असतात. इंजेक्टर आत दडलेला असतो. तथापि काम केवळ कार्बोरेटर बदलून भागत नाही. जुन्या पंपाचा दाब दर चौरस इंचास तीन-चार पौंडांचा. इंजेक्शनला चाळिसाच्या वर लागतो. म्हणून विजेचा पंप, नव्या नळ्या, बहुधा टाकीकडे परत जाणारी वेगळी नळी, आणि साठ वर्षांचा गंज तळाशी बसलेल्या टाकीची सफाई हे ओघानेच आले. जुना डायनामो मंद गतीत पुरेशी वीज देत नाही, तेव्हा त्या जागी आल्टर्नेटर हवा. जुन्या ब्रिटिश घडणीच्या कित्येक मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. तेही पालटावे लागते, अन्यथा संगणकाची पेटी पहिल्याच दिवशी जळून जाते. ठिणगीचा बदल त्या मानाने सोपा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखालील पॉइंट काढून तेथे चुंबकाने चालणारा लहानसा भाग बसवावयाचा. अर्ध्या तासाचे काम, आणि नको वाटल्यास अर्ध्या तासात पूर्ववत्.

लाभही खरा आहे. एंजिन थंडीत चोक न ओढता सुरू होते, पेट्रोल वाचते, न जळालेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडत नाही. शिवाय २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलने जुने रबर कुजते, आणि त्याच्या मिश्रणास हवेचे प्रमाण निराळे लागते. संवेदक असलेली इंजेक्शन-यंत्रणा ते स्वतः जुळवून घेते. कार्बोरेटरला मेस्त्रीच्या हाताची वाट पाहावी लागते.

एवढे जमवून आम्ही नियमांकडे वळलो, आणि येथे गाठ पडली ती विलक्षण. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ च्या आदेशाने पंधरा वर्षांवरील पेट्रोल-मोटारींवर दिल्लीत बंदी आली व २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतरही तिच्या अंमलबजावणीचा प्रश्न न्यायालयापुढे येत राहिला. जुन्या मोटारीस सन्मानाने जगण्याचा मार्ग २०२१ च्या जुलैमधील केंद्रीय अधिसूचनेने मोकळा केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खाजगी मोटारीस 'व्हिंटेज' म्हणून, क्रमांकात 'व्हीए' अक्षरे देऊन, दहा वर्षांची नोंदणी मिळते. परंतु अट अशी की मोटार मूळ रूपात राखलेली असावी. सांगाडा, कवच अथवा एंजिन यांत फेरफार करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. आणि अशी मोटार प्रदर्शन, संशोधन, शर्यतीचे मेळावे, पेट्रोल भरणे व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरासाठी नव्हे. दुसरीकडे मोटार-वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने दिलेल्या तपशिलात बदल करू देत नाही. वायू वा बॅटरीवर चालविण्याच्या मान्यताप्राप्त संचांना मात्र सवलत देते.

याचा अर्थ असा की, एंजिन धूर ओकत जसेच्या तसे ठेवले तर मोटार 'वारसा' ठरते, आणि काकूंच्या श्वासासाठी त्यात नवे इंजेक्शन बसविले तर ती ना वारसा राहते, ना नवी मोटार ठरते. नियम करणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. मूळ वस्तू मूळ रूपात राहावी हा हेतू स्तुत्य आहे. एकदा ढिलाई दिली की जुन्या कवचाखाली काय काय दडविले जाईल याचा अंदाज कोणत्याही जुन्या कारकुनास आहे. पण जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने २०१३ च्या सुमारास जी ट्यूरिन सनद स्वीकारली, तिचा दृष्टिकोन आम्हांस अधिक समंजस वाटतो. आवश्यक ते बदल मूळ घडणीशी सुसंगत असावेत, ते पूर्ववत् करता यावेत, आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, अशी तिची धारणा आहे. बदल लपविण्यात दोष आहे. नोंदवून ठेवण्यात इतिहास आहे.

हे सारे आम्ही काकांस वाचून दाखविले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे नोंदणी मिळाली तरी गणपती आणावयास ती नेता येणार नाही, असेच ना?" आम्ही म्हटले, "नियमाचे शब्द पाहता, नाही." काकू आतून म्हणाल्या, "गणपती रिक्षातूनही येईल. मोटार भंगारात देऊ नका म्हणजे झाले."

अखेर इंजेक्शनचा बेत रहित झाला. करोलबागेतील एका वृद्ध मेस्त्रीने कार्बोरेटर उकलून, धुऊन, मिश्रण नेमके लावून दिले. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घातल्या. आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग बसविला. धूर अजिबात थांबला असे म्हणता येणार नाही. पण उणावला हे निश्चित. काढलेले पॉइंट तेलकट कागदात गुंडाळून डिकीत ठेवले आहेत. व्हिंटेज नोंदणीचा अर्ज आम्हीच लिहून दिला. ठिणगीतील बदलाचा उल्लेख करावा की नाही यावर चर्चा झाली. तो बाहेरून दिसत नाही. समितीच्या ध्यानात येण्याचा संभवही थोडाच. काका म्हणाले, "छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले. आता स्वतःच्या कागदात लपवाछपवी नको." म्हणून अर्जाच्या शेवटी एक परिच्छेद वाढविला : अमुक भाग बदलला आहे, मूळ भाग जपून ठेवला आहे, आज्ञा झाल्यास तो पूर्ववत् बसविण्यात येईल.

समितीचे उत्तर अद्याप यावयाचे आहे. तोवर दर रविवारी सकाळी काका मोटार पाच मिनिटे सुरू ठेवतात. काकू खिडकी लावून घेतात. मात्र पूर्वीप्रमाणे आतल्या खोलीत निघून जात नाहीत. काचेमागे उभ्या राहून त्या आवाज ऐकतात.